दुपारचं शटर

तुम्हाला शटरनं मारलं, असं सध्या पांढुर्ण्यात म्हणतात. माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. पण भेटायला आलेली माणसं चहाचा कप ओठाला लावता लावता तिथवर येतातच. "दुकान उघडं असतं तं कोणाच्या तरी नजरेस पडलं असतं ना." "आत एकटेच होते म्हणे, शटर पाडून?" मग मान हलवतात आणि कप खाली ठेवतात. मी पहिल्यापासून कमी बोलणारी. म्हणून हे लिहायला बसले आहे. सावकाश लिहीन. घाई तुम्हाला कधी आवडली नाही, आणि आता मलाही कुठे जायचं नाही.

जे झालं ते एवढंच. त्या दुपारी तुम्ही रोजच्यासारखं शटर खाली ओढलंत, डबा खाल्लात, गादीवर आडवे झालात आणि उठला नाहीत. समोरचा चहावाला गणपत नेहमीच्या वेळेला चहा घेऊन आला. त्यानं शटर वाजवलं, थांबला, पुन्हा वाजवलं, मग स्वतःच वर केलं. मी तेव्हा शाळेत नववीला इतिहास शिकवत होते. डॉक्टर मला म्हणाले की तुम्ही झोपेतच गेलात, शेजारी कोणी बसून असतं तरी त्याला कळलं नसतं. त्यांनी हे हिंदीत सांगितलं. मी ते मनातल्या मनात मराठीत करून घेतलं. आपलं गाव हिंदी राज्यात, म्हणून शाळा, कचेरी, दवाखाना सगळं हिंदीत चालतं, पण जपून ठेवायचं ते मी मराठीत ठेवते.

तुमच्या दादांना ते वाक्य कुठल्याच भाषेत ऐकू जात नाही. माझे भासरे, तुमचे थोरले भाऊ. वडिलांनी काढलेली दोर-ताडपत्रीची दोन दुकानं तुम्ही दोघांनी वाटून चालवलीत, त्यांनी सौसरचं, तुम्ही इथलं. तुम्ही गेलात त्या दिवसापासून ते इथेच आहेत. ओसरीत बसतात, येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात, "किती वेळा म्हटलं त्याले, रम्या, भर दुपारी शटर नको पाडू. ऐकलं नाही." बोलताना त्यांचा आवाज चढतो, मग फुटतो. त्यांच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. त्यांच्या निदानाबद्दल आहे.

ही सवय कशी लागली, हे गावात आता माझ्याशिवाय कोणाला नीट ठाऊक नसेल. आपलं लग्न नवं होतं. कापसाचा हंगाम होता, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही उभ्या उभ्या घास गिळायचात आणि एका हातानं दोर मापायचात. त्या गर्दीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दोराची लांबी दुसऱ्यांदा विचारली, म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलात. तो काही न घेता निघून गेला. तुम्ही बस स्टँडपर्यंत त्याच्या मागे गेलात, पण बस सुटली होती. घरी आलात ते जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला दुकानाचं शटर खाली आलं.

मामंजी, तुमचे वडील, तेव्हा होते. संध्याकाळी अंगणात त्यांनी तुम्हाला उभं केलं.

"दुकानदार दिवसा झोपते का बे? गिऱ्हाईक काय म्हणन?"

"म्हणन का दुकानदार झोपला," तुम्ही म्हणालात.

स्वयंपाकघरात माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. या माणसाबरोबर राहता येईल, असं मला त्या क्षणी वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, आता वाटतं.

दादांनी तर हार कधीच मानली नाही. आपल्याकडे संत्र्याच्या बागेचं पाणी काही आठवडे तोडतात, झाड तहानलं की मग पाणी सोडतात, तेव्हा बहार फुटतो. दादा दर दिवाळीला हाच दाखला द्यायचे. "झाडाले ताण देल्याशिवाय बहार येते का? माणसाचं तसंच आहे. तू आरामात लोळून राहिला." तुम्ही चिवडा खात खात म्हणायचात, "पण वेळेवर पाणीबी सोडा लागते ना दादा. नाही सोडलं तं बहार कशाचा, सरपण होते." मग दादा म्हणायचे की तुला बोलून फायदा नाही, आणि तुम्ही म्हणायचात, मग चिवडा घ्या. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा त्यांना नवा मुद्दा सापडला. "आता गाव नाही राहिलं हे. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी दुपारी दुकान बंद ठेवते का?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "मंग तं डबल झोपा लागन. डबल गर्दी होऊन राहिली."

तुमच्या बाकीच्या सवयी कोणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत, कारण त्यांना शटर नव्हतं. सकाळी स्टेशनपर्यंत चालत जायचं, नागपूरकडची गाडी जाऊ द्यायची आणि परत यायचं. एका हमालानं न राहवून विचारलं होतं, "भाऊ, रोज कोणाले घ्याले येता?" "कोणालेच नाही. गाडी गेली का मोकळं वाटते." तो हमाल तुमच्या अंत्ययात्रेला आला होता. मी त्याला ओळखत नव्हते, त्यानंच हे सांगितलं. जेवायला बसण्याआधी फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचा, झाकण लावायचं. तो आत वाजला तरी तांदळातून आवाज दबका यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "शिजून राहिला, शिजू दे." थंडीत मागच्या पायरीवर उन्हात बसून संत्रं सोलायचं, एकेक फोड साफ करून अर्ध्या माझ्या हातावर ठेवायच्या. माझ्या दुसऱ्या हातात पुस्तक असे. "ठेव ना खाली ते. संत्र्याले काय वाटन?"

आपल्या लेकीनं, अश्विनीनं, नागपूरहून मला मनःशांतीची पुस्तकं पाठवली होती. मी ती खालून रेघा मारत वाचली. श्वास मोजा, दिवसातून इतके वेळा थांबा, कृतज्ञता आठवा. मी तुम्हाला एक प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून खरंच करून पाहिलंत आणि लगेच उघडलेत. "श्वास मोजाले गेलो का मले दोर मापल्यावाणी वाटते. कोणाले किती तोडून द्याचा तेच येते डोक्यात." मी हसले आणि पुस्तक मिटलं. मला त्या पुस्तकांचा राग नाही. त्यात लिहिलेलं बरंचसं खरं आहे. फक्त त्यांतल्या माणसांना भासरे नसतात.

आणि संध्याकाळचा चहा. तुम्ही दुकानातून यायचात, हातपाय धुवायचात, ओट्यावर बसायचात आणि विचारायचात, "आज काय डाचलं?" चांगलं काय झालं हे तुम्ही विचारत नव्हतात. डाचलं काय, ते. मी माझं सांगायची, तुम्ही तुमचं. कप रिकामा झाला की विषय संपला, असा तुमचा नियम होता. तो नियम मला कधीच पाळता आला नाही, आणि आपलं खरं भांडण तिथेच होतं. ते तसंच राहिलं.

शाळेच्या ग्रंथालयातली मराठी पुस्तकं कपाटातून काढून तुटक्या बाकांच्या खोलीत टाकली, ते आठवतं? कपाट हवं होतं, मराठी कोण वाचतं, असं वरून आलं. मी त्या संध्याकाळी चहाला बसले आणि सांगायला लागले. कप रिकामा झाला. मी सांगतच होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही म्हणालात, "सोडून दे, कुंदा. बीपी वाढन." मी म्हटलं, सोडलं की वाढतं माझं. तुम्ही हसलात, मी हसले नाही. मी अर्ज केले, पुन्हा केले, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर पुस्तक वाचत बसून राहिले. शेवटी निम्मी पुस्तकं कपाटात परत आली. तुम्ही त्या दिवशी पेढे आणलेत, पण मत बदललं नाहीत. "एवढी धुसफुस करून पुस्तकं आली, ते ठीक. पण तुझे ते महिने कोण देणार तुले परत?" मी म्हटलं, ते महिने वाया गेलेच नाहीत. मला त्या महिन्यांत फार बरं वाटत होतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी तिखट खाऊन पोट शांत झाल्याचं सांगते आहे.

राग हा आजार आहे, असं तुम्ही मानत होतात. माणसाला तो धरून उभंही राहता येतं, असं मी मानते. तुमच्याकडे शेवटचा शब्द होता असं मी समजणार नाही. तुम्ही उठून गेलात, त्याला वादात जिंकणं म्हणत नाहीत.

लोक म्हणतात, एवढं जपलं स्वतःला, तरी? ना व्यसन, ना धावपळ, रोजचं चालणं, वेळेवर जेवण, तरी? या "तरी"चा मला सगळ्यात जास्त राग येतो. जणू तुम्ही मरणाला रोज थोडी थोडी लाच देत होतात आणि ऐन वेळी त्यानं काम केलं नाही. दादांच्या जावयानं घरच्या ग्रुपवर संदेश टाकला, दुपारी झोपल्यानं आयुष्य कमी होतं. खाली चार जणांनी हात जोडले. तुम्ही जास्त जगावं म्हणून झोपत नव्हतात. तुम्हाला झोप आवडायची. दुकान, बाजार, मी, दादा, सगळ्यांपासून एक तास बाजूला व्हायला आवडायचं, आणि उठल्यावर आम्ही सगळे पुन्हा आवडायचो. इतक्या वर्षांत तुम्ही पुन्हा कोणावर ओरडला नाहीत. एक दुपार वाईट निघाली, म्हणून त्या सगळ्या दुपारी मी खोट्या ठरू देणार नाही.

आता दहाव्याचं सांगते. ते तुम्ही पाहिलं असतंत तर शटर पाडून हसला असतात.

बायका घाटावर जात नाहीत, असं लोधीखेड्याचे मामा, तुमचे सख्खे मामा, म्हणाले. मी चपला घालून गाडीत जाऊन बसले. कोणी उतरवलं नाही. जाम नदीच्या काठी पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला. बसला तो बसलाच. पिंडाकडे पाहीना. ऊन चढलं. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, त्याला वचन द्यावं लागतं, मग कावळा शिवतो, हे सगळ्यांना ठाऊक. दादा हात जोडून पुढे झाले.

"रम्या, पोरीची काळजी करू नको. तिचं सगळं मी पाहीन."

कावळ्यानं चोच फांदीवर घासली.

"कुंदाबाईले काही कमी पडू देणार नाही."

कावळा पाठ फिरवून बसला.

मामा मागून म्हणाले, "दुकानाचं बोल, दुकानाचं. त्यातच जीव असन त्याचा."

दादांनी गळा साफ केला. "दुकान चालू ठेवीन रम्या. सकाळपासून रात्रीपर्यंत. दुपारी शटर पडू देणार नाही. तुझी शपथ. जे झालं ते पुन्हा होऊ देणार नाही." आणि रडायला लागले.

कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर गेला.

पदराआड माझं काय झालं ते मी सांगत नाही. बघणाऱ्यांना ते रडणं वाटलं, आणि ते काही अगदी चूक नव्हतं.

आणखी बरीच वचनं झाली. भटजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा करायची भाषा काढली. मग सगळेच थकले. दादा मटकन खाली बसले. कोणीतरी पाण्याची बाटली दिली, ते प्यायले आणि गप्प झाले. मामांनी झाडाला पाठ टेकली. फोन खिशात गेले. काठावर किती तरी वेळानं शांतता झाली, नदीचं थोडकं पाणी दगडांतून जाताना ऐकू यायला लागलं. आणि तो उतरला. आरामात चालत आला, घास घेतला आणि उडाला.

दादा ताडकन उठले. "पाहा! ऐकलं त्यानं. शटरचंच डाचत होतं त्याले. आता वचन झालं. आता दुपारी दुकान बंद नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आतापर्यंत ते दादांचं मत होतं. आता ती तुमची इच्छा झाली होती. उद्या गावात सांगतील की रमेशनं मरून कबूल केलं, शटर चूक होतं. तुमच्याच तोंडून तुमचा पराभव वदवून घेतला होता त्यांनी, आणि साक्षीला कावळा.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी दादांनी नारळ फोडून दुकान उघडलं. मी घरून पाहत होते, म्हणजे मनानं. दुपारी मी दोन डबे भरले आणि बाजारात गेले. रस्त्यात वाक्यं जुळवत होते. तुम्हाला माहीत आहे, दादांशी मी थेट कधी बोललेली नाही. लग्न होऊन आले तेव्हा भासऱ्यांसमोर पदर घेऊन आत जायची रीत होती; पदर सुटला, रीत राहिली. चहा घेता का, हेसुद्धा मी तुमच्यामार्फत विचारायची. आता मध्ये तुम्ही नव्हतात.

दुकानात दादा गादीवर बसले होते, मामा स्टुलावर. खेड्यावरचे एक काका दोर पाहत उभे होते. दादांचे डोळे लाल, चेहरा सुजलेला. तुम्ही गेल्यापासून ते धड झोपलेले नाहीत, जाऊबाईंनी मला सांगितलं होतं.

मी डबे ठेवले आणि म्हटलं, "दादा, दुपार झाली. शटर पाडायचं."

दादांनी मामांकडे पाहिलं. "काय म्हणून राहिली ते?"

"शटर पाडा म्हणते," मामा म्हणाले.

"तिले सांगा, वचन देलं मी. कावळा शिवला."

"मामा, तुम्ही काही सांगू नका. मीच सांगते." मी दादांकडे वळले. "दादा, तुम्ही बोलून राहिले होते तोवर कावळा हलला नाही. तुम्ही दमले, खाली बसले, पाणी पिले, चूप झाले. तवा आला तो. वचनाले नाही आला. मामांना विचारा."

"मले नको विचारू बाप्पा," मामा घाईनं म्हणाले. "माझा तं डोळा लागला होता तिथं."

खेड्यावरचे काका फिस्सकन हसले आणि दोराकडे वळले. दादा हसले नाहीत. गादीवरची चादर हातानं सारखी करत राहिले, सारखी असलेली.

"तो आत पडला होता, कुंदाबाई." ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "मी तिकडं गिऱ्हाइकाशी कचकच करून राहिलो होतो, अन् माझा भाऊ इथं अंधारात. मले त्या शटरचा आवाज नाही ऐकवत. तुम्ही काय म्हणता, शटर पाडा."

मला वाटलं होतं मी गिऱ्हाइकाबद्दल, जिल्ह्याबद्दल भांडायला चालले आहे. भांडायचं होतं ते दादांच्या भीतीशी, आणि तीच माझ्याही घरी राहायला आली होती.

"मलाही नाही ऐकवत," मी म्हटलं. "पण त्यांना शटरनं नाही मारलं. त्या शटरच्या आत ते रोज सुखात असायचे. तुम्ही म्हणता, सगळं गाव म्हणते. मी नाही म्हणू देणार. आज जर हे उघडं राहिलं तं कायमचं उघडं राहीन, अन् त्यांच्यावर ठपका राहीन का ते आपल्याच मूर्खपणानं मेले. ते मूर्ख नव्हते, दादा. आपल्या घरात तेवढेच शहाणे होते."

एवढं मी एका दमात कधी बोलले नव्हते. काकांच्या हातातला दोर तसाच राहिला. समोर गणपत किटली धरून उभा. मला घाम फुटला होता, आणि तुमच्या हिशोबानं माझं बीपी गगनाला भिडलं असणार. मला हलकं वाटत होतं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

दादांनी चादरीवरून हात काढला. "अन् मी काय करू आत?"

"जेवा. मग आडवे व्हा."

"झोप नाही येणार मले."

"नका झोपू. नुसते पडा. फोन इकडं द्या."

त्यांनी फोन दिला. का दिला, मला माहीत नाही. बहुतेक गेल्या कित्येक दिवसांत त्यांना कोणी "आडवे व्हा" म्हटलं नव्हतं. सगळे त्यांना "तुम्हीच आता सगळ्यांना सांभाळा" म्हणत होते. मामा म्हणाले, मीबी आतच राहतो, ऊन फार आहे. काका म्हणाले, "मी चहा पिऊन येतो बाई. रमेशभाऊच्या टायमात बी असंच होतं."

मी बाहेर आले आणि दोन्ही हातांनी शटर ओढलं. अर्ध्यावर अडलं. मी पाय रोवले, लोंबकळले, आणि ते खडखडत सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं खाली आलं.

मग मी पायरीवर बसले. घरी जाता आलं असतं, पण दादांना आत ठेवून जाववेना. नव्या कचेरीतला एक बाबू गाडी थांबवून विचारता झाला, दुकान बंद है क्या? मी म्हटलं, दुपारी बंद असतं, अडीचला या. तो गेला. आजूबाजूच्या दुकानांतून लोक पाहत होते. नवरा जाऊन महिना झाला नाही, बाई भासऱ्याला कोंडून पायरीवर बसली आहे. पाहू दे.

आतून थोडा वेळ डब्याचे आवाज आले. मामांचं काहीतरी बोलणं. मग काहीच नाही.

ते काहीच नाही वाढत गेलं. ट्रॅक्टर गेला, हातगाडी गेली, आणि मध्ये मध्ये मी कान लावत होते. पत्रा उन्हानं तापला होता. मामा आत आहेत, मी स्वतःला सांगितलं. पण मामा तर नदीकाठी बसल्या बसल्या झोपणारे. शेजारी कोणी असतं तरी कळलं नसतं, हे वाक्य मी इतके दिवस ढाल म्हणून वापरलं होतं. आता तेच माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं. हात खाली कडीपर्यंत गेला. वीतभर उचलायचं, एकदा पाहायचं, बस. कोणाला कळणार होतं? पण उचललं असतं, तर लोकांचं मीच खरं केलं असतं. उद्याही उचललं असतं, परवाही. माणूस आत विसावला आहे, एवढं साधं मला पुन्हा कधी मानता आलं नसतं.

मी हात काढून घेतला. पिशवीत पुस्तक होतं, तेही काढलं नाही. तापलेल्या पत्र्यापासून जरा सरकून भिंतीला पाठ टेकली आणि भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डोळे मिटून घेतले. तुम्ही इतकी वर्षं म्हणत होतात, कधी तरी काहीही न करता बसून पाहा. बसले. तुमच्यावर रागावूनच बसले, पण बसले. किती वेळ ते मी पाहिलं नाही.

आतून शटरवर टकटक झाली.

"कुंदाबाई," दादांचा आवाज झोपेनं जड, चिडका, अगदी जिवंत होता. "उघडा ना. किती वेळ निजवता माणसाले? जिल्ह्याचं ठिकाण आहे."

"अजून वेळ व्हायची आहे, दादा," मी डोळे न उघडता म्हटलं. "पडून राहा."